माळ्यावरची बंदुकीची पेटी

विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी आम्हाला विचारलं, की बंदूक राहिली बाजूला आणि तुम्ही तिच्या पेटीवर बोलणार? तर हो, पेटीवरच. त्याला एक साधं कारण आहे. आपल्याकडे बंदुकीला परवाना लागतो. आजोबा गेले की वारस ती पोलिसांत किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करतात. पेटीला परवाना लागत नाही, म्हणून ती माळ्यावरच राहते. पुष्कळ घरांमध्ये, संस्थानिकांच्या वाड्यांमध्ये, जुन्या बंगल्यांमध्ये बंदूक कधीच गेलेली असते आणि तिचा एकमेव पुरावा म्हणजे ही रिकामी पेटी.

आता ही पेटी मुळात आली कुठून? ही इंग्लंडची वस्तू. शिकारीच्या इंग्रजी बंदुकीची नळी दस्त्यापासून सुटी करता येते. म्हणजे साधारण 30 इंचांची नळी एका बाजूला, दस्ता दुसऱ्या बाजूला, अशी आखूड पेटीत बंदूक बसते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या पेट्या ओक किंवा महोगनीच्या, नुसत्या लाकडी असत. आत खण: दारूची बुधली, छऱ्यांची पिशवी, ठासायचा गज. 1851 साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात लफोशो या फ्रेंच कारागिराची मागून भरायची बंदूक मांडली गेली आणि पुढच्या वीसेक वर्षांत ठासणीची बंदूक मागे पडली. बुधली गेली, गज गेला. उरलं काय, तर नळी साफ करायचा दांडा, तेलाची बाटली, दोनचार पेचकस. पेटी पातळ झाली. शिवाय आता माणूस आगगाडीने शिकारीला जाऊ लागला. हमाल पेटी फलाटावर आपटणार! म्हणून ओकच्या फळ्यांवर जाड चामडं चढवून कोपऱ्यांना पितळ लावायची पद्धत आली. त्याहून हलकी हवी असेल तर लाकूडच नाही, नुसतं जाड चामडं, बकऱ्याच्या तंगडीच्या आकाराचं. इंग्रजीत नावही तेच, ‘लेग ऑफ मटन’. आणि चामडं परवडत नसेल किंवा वजन नको असेल तर वर कॅनव्हास आणि फक्त कडांना चामडं.

झाकणाच्या आत कारागिराची कागदी चिठ्ठी चिकटवलेली असते. आमच्या मते अख्ख्या पेटीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच. हॉलंड यांचं दुकान 1866 ला न्यू बाँड स्ट्रीटच्या 98 नंबरात गेलं आणि ‘हॉलंड अँड हॉलंड’ हे नाव लागलं 1876 ला. म्हणजे पत्ता 98 चा आणि नाव एकट्या एच. हॉलंड यांचं, तर चिठ्ठी त्या दहा वर्षांतली. पर्डी 1826 पासून ऑक्सफर्ड स्ट्रीटवर, तीनशे साडेचौदा असा गमतीचा घर नंबर, आणि 1880 च्या दशकात साउथ ऑडली स्ट्रीटवर. बंदूक हाती नसतानाही पेटी काळ सांगते, ती अशी. म्हणूनच आजकाल नव्या छापलेल्या चिठ्ठ्या विकत मिळतात, आणि जुनी खरवडून नवी चकचकीत लावणारे लोकही आहेत. त्याला दुरुस्ती म्हणायची आमची तयारी नाही.

आता चामड्याकडे येऊ. जुन्या पेटीवरून हात फिरवला की बोटांना विटकरी भुकटी लागते. इंग्रजीत याला ‘रेड रॉट’ म्हणतात. लोकांना वाटतं चामडं ‘कोरडं’ पडलंय, तेल पाजलं की सुधारेल. तसं नाही. 1843 साली लंडनच्या अथेनियम क्लबात चामडं झिजायला लागलं तेव्हा मायकल फॅरडेने बोट दाखवलं ते गॅसच्या दिव्यांकडे. पुढे 1900 मध्ये तिथल्या सोसायटी ऑफ आर्ट्सने पुस्तकबांधणीच्या चामड्यासाठी समिती नेमली, 1901 ला अहवाल आला. धूर आहेच, पण चामडं कशाने कमावलं यावरही ते किती टिकणार हे ठरतं, हे त्यातून नीट पुढे आलं. वनस्पतींच्या टॅनिनची दोन घराणी. एक घराणं हवेतला गंधकाचा धूर चटकन धरून ठेवतं, त्याचं आम्ल होतं आणि चामडं आतून तुटतं. दुसरं बरंच तग धरतं.

आणि इथे आपलं सह्याद्रीशी नातं निघतं. टिकणाऱ्या घराण्यात आपला हिरडा येतो. तो तेव्हा पोतीच्या पोती इंग्लंडला जात होता, आणि तिकडच्या बाजारात प्रतींची नावं काय, तर ‘जबलपूर’, ‘भिमली’, ‘वेंगुर्ला’! न टिकणाऱ्या घराण्यातही आपलंच एक झाड आहे, माळावरचा पिवळ्या फुलांचा तरवड. मद्रासकडे त्याच्या सालीने कमावलेली कातडी ‘पर्शियन’ या नावाने तिकडे विकली जात आणि समितीने ती पुस्तकांसाठी वाईट ठरवली. एखाद्या पेटीचं चामडं कशाने कमावलं हे वर लिहिलेलं नसतं, पण शंभर वर्षांनी ते दिसतं.

आम्ही सुरुवातीला घोडचूक केली, ती सांगतो. एका पेटीच्या चामड्याला गुरांच्या खुरांचं तेल भरपूर चोळलं. दोन दिवस सुंदर दिसलं. मग सगळं काळपट, चिकट, आणि तेल शिवणीतून आत झिरपून बनातीवर डाग. ते परत निघत नाही. झालेली झीज भरून येत नाही, ती थोपवता येते, एवढंच. हल्ली संग्रहालयांत सेल्युलोजपासून केलेलं क्लुसेल जी अल्कोहोलमध्ये विरघळवून ब्रशने देतात. भुकटी जागच्या जागी बसते. पाणी मात्र नको. अशा चामड्यावर थेंब पडला तरी काळा, कडक डाग होतो.

कॅनव्हासचंही तेच. मळका दिसतो म्हणून साबण लावू नका. आकसतो, खालचा सरस सुटतो. मऊ ब्रश पुरे. शिवण उसवली असेल तर आरीने नवी भोकं पाडायची नाहीत, जुन्याच भोकांतून मेणाचा दोरा न्यायचा. नवी भोकं पाडली की कड टपाल तिकिटासारखी फाटते. पितळेच्या कडेला हिरवा मेणचट कळक येतो, तो चामड्यातल्या तेलामुळे. लाकडी काडीने काढा. पॉलिश लावलं तर ते चामड्यात शिरतं. बनातीला कसर लागली असेल तर पेटी प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये. घरचे ओरडतील, पण उपाय चालतो. आणि घरात परवान्याची बंदूक असेल तर ती या पेटीत ठेवू नका. चामडं ओल धरतं, नळीला गंज चढतो.

एक शेवटची पेटी. कॅनव्हासची, एक पट्टा तुटलेला, झाकणावर रंगाने काढलेली आद्याक्षरं आणि बाजूला पी अँड ओ बोटीची अर्धी फाटकी चिठ्ठी: प्रवासात लागणार नाही, तळघरात टाका, अशा अर्थाची. मालकांना ती चिठ्ठी काढून हवी होती, ‘घाण दिसते’ म्हणून. आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी पट्टा नवा लावला, जुना तुकडा पाकिटात घालून आत ठेवला, आणि चिठ्ठीच्या सुटलेल्या कडेखाली गव्हाच्या खळीने पातळ जपानी कागद लावून ती होती तिथेच बसवली.