अंजनगावचा तह आणि न विचारलेला प्रश्न

अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत एका तहापुरते येते. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि ३० डिसेंबरला दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यात येथे तह झाला. कोणता मुलूख गेला, कोणते किल्ले गेले, हे आपण पाठ म्हणतो. ज्या सरदारांचे उत्पन्न बुडाले, त्यांच्या तनख्यांची तजवीजही तहात आहे. पण ज्यांचा हात गेला, डोळा गेला, ते शिपाई पुढे कोठे राहिले? त्यांना कोणी पोसले? हे आपण तहाला विचारीत नाही.

असे प्रश्न विचारणारी अपंगत्व-अभ्यास ही ज्ञानशाखा आता उभी राहिली आहे. तिचा पायाभूत विचार १९७६ साली इंग्लंडातील अपंगांच्याच एका संघटनेने मांडला. देहातले उणेपण निराळे आणि समाजाने घातलेला अडसर निराळा. पाय अधू असणे ही देहाची गोष्ट. कचेरीला नुसत्या पायऱ्याच असणे ही आपली करणी.

या विषयावर पीएच.डी.चा प्रबंध लिहिणाऱ्याने प्रथम शिरगणती उघडावी. १८८१ पासून १९३१ पर्यंत तीत आंधळे, बहिरे-मुके, वेडे व महारोगी यांची मोजदाद आहे. १९४१ ते १९७१ ती नाही. १९८१ ला ती आली, १९९१ ला गेली, २००१ व २०११ ला परत आली. रकाना गेला म्हणून माणसे गेली नव्हती.

त्याच १८८१ साली अमरावती जिल्ह्यात गुलाबराव महाराज जन्मले. तान्हेपणीच दृष्टी गेली. १९१५ साली देह ठेवला तेव्हा शंभरावर ग्रंथ मागे होते. आपण ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणून हात जोडतो आणि तेथेच थांबतो. अभ्यासकाने तेथून आरंभ करावा. त्यांना ग्रंथ कोणी वाचून दाखविले? त्यांचे बोल कोणी उतरून घेतले? तसे सोबती शेजारगावच्या आंधळ्या पोराला लाभते, तर?

२०१६ च्या कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत अपंगांसाठी निदान शेकडा पाच जागा राखल्या आहेत. पण जागा मिळाली म्हणजे वाचक, लेखनिक आणि चढता येईल असा दरवाजा मिळाला असे नव्हे. तो मिळाला, तर हा प्रबंध अंजनगावचाच एखादा अपंग विद्यार्थी लिहील. आणि मग तहाच्या कागदाला त्याचा प्रश्न ऐकावाच लागेल.