शिक्षण कशासाठी, आणि कोणासाठी? : करवीरची साक्ष

शिक्षणाचे प्रयोजन काय, हा प्रश्न जगाने गेल्या अर्धशतकात वारंवार नव्याने विचारला आहे. युनेस्कोने १९७२, १९९६ आणि २०२१ असे तीन वेळा या विषयावर जागतिक अहवाल प्रसिद्ध केले. या चर्चेत आपल्याकडील सुशिक्षितांचा एक आवडता सूर असतो : नोकरीसाठी घेतलेले शिक्षण हे शिक्षणच नव्हे, ते 'पोटार्थी' शिक्षण होय. हा सूर ऐकायला उदात्त वाटतो. परंतु कोल्हापूरचा शैक्षणिक इतिहास वाचू लागलो, की त्याविषयी शंका येऊ लागते. 'कशासाठी' या प्रश्नाचे उत्तर 'कोणासाठी' हे ठरल्याशिवाय देता येत नाही, अशी साक्ष हा इतिहास देतो.

या विचाराची पूर्वपीठिका पुण्यात आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी सरकारी शिक्षणनीतीच्या मुळावरच बोट ठेवले. वरच्या वर्गांना शिकवावे, म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल, असा त्या नीतीचा विश्वास होता. महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च उच्चवर्गीयांच्या उच्च शिक्षणावर होतो, हा फुल्यांचा आक्षेप होता. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी या हिशेबातूनच आलेली होती.

शाहू महाराजांनी १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा दरबारच्या प्रशासनातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा आदेश काढला. हा आदेश आरक्षणाचा आरंभ म्हणून सर्वज्ञात आहे. पण तो शिक्षणविषयक दस्तऐवज म्हणूनही वाचण्यासारखा आहे. मागासवर्गीयांमध्ये शिक्षणाचा प्रसार करण्याचे यत्न अपेक्षेइतके यशस्वी का झाले नाहीत, याची मीमांसा त्यात केलेली आहे. उच्च शिक्षणाचे फळ समाजाच्या सर्व थरांपर्यंत पोहोचत नाही, हे त्यात सांगितलेले कारण. ज्याला कचेरीचे दार कायमचे बंद आहे, त्याने शाळेचा उंबरठा कोणत्या आशेने ओलांडावा? नोकरी हे येथे विद्येचे अवमूल्यन नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या सत्तेबाहेर ठेवलेल्या माणसाला विद्येचा अर्थ प्रथम तिच्यातूनच कळणार होता. १९०१ पासून कोल्हापुरात मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा विविध समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची जी मालिका उभी राहिली, तिच्यामागेही हेच भान होते. फी माफ केली तरी खेड्यातील मुलाचा शहरात राहण्या-जेवण्याचा प्रश्न उरतोच.

तथापि सर्वांना कारकुनी मिळणे शक्य नव्हते. म्हणूनच १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्यात आले, ही घटना वेगळ्या स्वरूपाची ठरते. ४ मार्च १९१८ रोजी करवीर तालुक्यातील चिखली येथे या योजनेतील पहिली शाळा सुरू झाली. मुलांना शाळेत न पाठविणाऱ्या पालकांना महिना एक रुपया दंड ठरविण्यात आला. सयाजीरावांच्या बडोद्यात १९०६ पासून सक्तीचे शिक्षण होते. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र गोखल्यांचे तत्संबंधीचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले होते. प्रशियापासून जपानपर्यंत अनेक राष्ट्रांनी सक्तीचे शिक्षण आणले, त्यामागे बलाढ्य राष्ट्र घडविण्याची आकांक्षा मोठी होती. एका मांडलिक संस्थानाला अशी आकांक्षा परवडणारी नव्हती. तेथे प्रजेला माणूस म्हणून उभे करणे, एवढेच प्रयोजन उरत होते.

या प्रयोजनाची कसोटी दोनच वर्षांत आली. १९१९ साली महाराजांनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम दिला. अमेरिकेत जॉन ड्युई यांचा लोकशाही आणि शिक्षण यांवरील ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. शाळा म्हणजे सहजीवनाचा सराव, हा त्यातील विचार. त्यांचे कोलंबिया विद्यापीठातील विद्यार्थी भीमराव आंबेडकर हे मार्च १९२० मध्ये माणगाव परिषदेत शाहूंसमवेत एका व्यासपीठावर आले. एकाने ग्रंथात मांडलेले दुसऱ्याने हुकूमनाम्यात उतरवले होते. दोघांचीही परस्परांशी ओळख नसताना.

कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिलेल्या, कुंभोजमध्ये जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापून हा विचार पुढे नेला. 'कमवा आणि शिका' या त्यांच्या योजनेकडे आज कौशल्यशिक्षणाचा पूर्वावतार म्हणून पाहिले जाते. ते पूर्णांशाने खरे नाही. गरिबाच्या मुलाला हातांचे काम आणि श्रीमंताच्या मुलाला ग्रंथ, अशी वाटणी भाऊरावांना मान्य नव्हती. त्यांचा विद्यार्थी खडी फोडून, शेत कसून पुन्हा पुस्तकाकडेच वळत असे. श्रमाने त्याची फी निघे आणि त्याची मानही ताठ राही.

स्वातंत्र्यानंतर हाच प्रश्न राष्ट्रीय पातळीवर नेणारा माणूसही याच मातीतला. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीत जन्मलेले जे. पी. नाईक हे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. सर्व थरांतील मुलांनी एकाच परिसर शाळेत शिकावे, ही या आयोगाची महत्त्वाची शिफारस. ती आजवर अमलात आलेली नाही. समता, गुणवत्ता आणि संख्या या तीन बाजूंचा त्रिकोण साधत नाही, हे नाईकांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात मांडले. आणि १९८५ साली लीलाताई पाटील यांनी कोल्हापुरात 'सृजन आनंद विद्यालय' सुरू केले, तेव्हा त्या त्रिकोणात न बसणारा एक शब्द पुढे आला : आनंद. भय आणि स्पर्धा यांवाचून मूल शिकू शकते, किंबहुना तसेच ते खऱ्या अर्थाने शिकते, हे त्यांनी मराठी माध्यमाच्या शाळेत करून दाखविले.

ही सारी उत्तरे वरवर परस्परविरोधी भासतात. कोठे अधिकारपद, कोठे नागरिकत्व, कोठे स्वावलंबन, कोठे आनंद. परंतु शाळेच्या दारात उभे असलेले मूल प्रत्येक वेळी वेगळे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे विरोध पुष्कळसा मावळतो. आनंदाची अपेक्षा करण्याचा हक्क मिळण्यापूर्वी बाकावर जागा मिळावी लागते. आणि जागा मिळाल्यावर तेवढ्यावर समाधान मानणे हाही अन्यायच होय.

या इतिहासाचे महत्त्व आज अधिक आहे. २०२३ साली महाराष्ट्राच्या शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या ठिकाणी 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव मागविले. खर्च, सुविधा, मुलांना मिळणारा सवंगड्यांचा सहवास, या बाजूच्या युक्तिवादांत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. मात्र डोंगरकपारीच्या वस्तीतील आठ वर्षांच्या मुलीला पावसाळ्यात ओढा ओलांडून त्या शाळेत जाता येईल काय, हे आधी पाहिले पाहिजे. चिखलीच्या शाळेने शतकापूर्वी शाळा मुलाच्या गावी नेली होती. शिक्षणाच्या प्रयोजनाचा पुनर्विचार आपण अवश्य करावा. तो करताना त्या मुलीचे नाव मात्र हजेरीपटावर असले पाहिजे.