आगवाला गेला, ड्रायव्हर आला

उर्दूच्या तासाला बोटीवरचे शब्द मला फार उपयोगी पडतात. खलाशी अरबीतून आला, सारंग फारसीतून, आणि आपला नाखवा म्हणजे मूळचा नाखुदा, नावेचा धनी. या बोलीचा शब्दकोश थॉमस रोबक याने 1811 सालीच केला होता.

वाफेची जहाजे आली आणि बोलीत भर पडली. भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला, तो ओढून आणणारा कोयलावाला, यंत्राला तेल देणारा तेलवाला. मुंबईहून सुटणाऱ्या पी अँड ओच्या जहाजांवर या कामाला बहुतेक पंजाबी आणि पठाण असत. कोकणातले लोक जास्त डेकवर, म्हणजे निदान मोकळ्या हवेत.

1912 मध्ये 'सेलांडिया' हे डिझेलवरचे जहाज कोपनहेगनहून बँकॉकला निघाले. त्याला धुराडेच नव्हते, धूर मागच्या डोलकाठीतून सोडला होता. लोकांना अचंबा वाटला. आगवाला, कोयलावाला दोघांची गरज संपली. धूर मात्र राहिला, फक्त डोळ्यांना कमी दिसू लागला.

स्वातंत्र्यानंतर आपल्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार होड्यांनाही इंजिने बसू लागली. मुरूड, दिघी, श्रीवर्धन, कोळी असो की दालदी, शीड गुंडाळले गेले. वाऱ्याची वाट पाहणे संपले, हे सुख लहान नव्हते. पण होडीवर एक नवा माणूस आला, ड्रायव्हर. तांडेल वर सुकाणूवर, हा खाली फळ्यांच्या ठेंगण्या खोलीत. एक्झॉस्ट पाईपचा जोड गळका असला किंवा नोझल खराब झाले, की काजळी आधी त्याच्या छातीत जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला 1988 मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' म्हटले होते, जून 2012 मध्ये तो 'बहुधा' काढून टाकला. त्यामागे अमेरिकेतल्या 12,315 खाणकामगारांचा अभ्यास होता. जमिनीखाली सर्वात जास्त धूर घेतलेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका सुमारे तिप्पट आढळला. खाण असो की होडीचे पोट, कोंडलेली हवा ती कोंडलेलीच.

आपल्याकडे डिझेलवर बोलणे होते ते दराचे आणि परताव्याचे. तेही खरेच आहे, डिझेल परवडले नाही तर होडी निघणार कशी? पण फॅक्टरी कायदा 1948 चा, 2025 पर्यंत लागू असलेला, तो कारखान्याच्या आवारात चालायचा आणि होडी कारखाना नाही. ड्रायव्हर खोकू लागला की घरचे बिडीला बोल लावतात. बिडी दोषी असेलही. पण तो इंजिनाच्या खोलीत किती वर्षे होता, हे डॉक्टरला सांगायला हवे, आणि तो गळका जोड पुढच्या फेरीआधी बदलायला हवा.