कुंपणाबाहेरचा सुतार पक्षी

संशोधन आराखड्यात 'अभ्यासक्षेत्र' नावाचा एक मुद्दा असतो. आपण तिथे गावाचं नाव टाकतो, नकाशा चिकटवतो आणि पुढे जातो. आजची गोष्ट वाचून झाली की तो नकाशा पुन्हा एकदा बघा.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात फोर्ट ब्रॅग हा लष्कराचा मोठा तळ आहे. तिथल्या लाँगलीफ पाइनच्या जंगलात रेड-कॉकेडेड वुडपेकर हा सुतार पक्षी राहतो. १९७० साली तो धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेला. हा पठ्ठ्या ढोली करतो ती जिवंत, जुन्या पाइनमध्ये. एक ढोली पुरी व्हायला कैक वर्षं लागू शकतात. शिवाय झाडांखाली झुडपं माजली की तो जागा सोडतो, म्हणजे जंगलाला अधूनमधून आग लागायलाच हवी.

बाहेर जंगल तुटलं, वस्ती वाढली, आगी विझवल्या गेल्या. आत मात्र सरावातल्या तोफगोळ्यांनी आगी लागत राहिल्या. त्यामुळे पक्षी उरला तो तळाच्या हद्दीत!

१९९० मध्ये वन्यजीव खात्याने मत दिलं की, लष्करी सरावामुळे या पक्ष्याचं अस्तित्व धोक्यात येतंय. ढोलीच्या झाडांभोवती खोदकामावर, मुक्कामावर बंधनं आली. सैन्य वैतागलं. वाद 'पक्षी की सराव' असा रंगला.

पण प्रश्नच चुकीच्या हद्दीत विचारला जात होता. बाहेरचा अधिवास संपत गेला, तर सगळा भार आतल्या जंगलावरच येणार. म्हणून १९९५ मध्ये लष्कर, वन्यजीव खातं आणि 'द नेचर कॉन्झर्व्हन्सी' ही संस्था यांनी मिळून शेजारच्या खासगी जमिनींकडे मोर्चा वळवला. राजीखुशीने तयार असलेल्या मालकांकडून काही जमिनी विकत घेतल्या, काहींवर कॉन्झर्वेशन ईझमेंट केलं.

हे ईझमेंट म्हणजे काय? आपल्याकडे दुसऱ्याच्या शेतातून जायचा वहिवाटीचा हक्क असतो, तो 'करण्याचा' हक्क. इथे उलटं आहे. सातबारा मालकाच्याच नावावर राहतो असं समजा. फक्त प्लॉट पाडायचा, बांधकाम करायचा हक्क तो मोबदला घेऊन किंवा दान म्हणून कायमचा सोडतो. पुढे जमीन विकली तरी बंधन जमिनीबरोबर जातं. लष्करालाही फायदा: कुंपणाला लागून घरंच नसतील, तर तोफांच्या आवाजाची तक्रार कोण करणार?

डिसेंबर २००२ मध्ये कायदा झाला आणि असे करार देशभरच्या तळांभोवती करायची वाट मोकळी झाली. २००६ मध्ये फोर्ट ब्रॅग परिसराने पक्ष्याच्या संख्येचं ठरलेलं उद्दिष्ट गाठलं. २०२४ मध्ये ही प्रजाती 'धोक्यातली' वरून 'संकटाच्या उंबरठ्यावरची' या सौम्य वर्गात आली.

आता घाई करून "ईझमेंटमुळे पक्षी वाचला" असं लिहू नका. त्याच काळात जंगलात ठरवून आगी लावल्या जात होत्या, झाडांत कृत्रिम ढोल्याही बसवल्या जात होत्या. कशाचा वाटा किती, हे वेगळं काढणं कठीण आहे, आणि तोंडी परीक्षेत नेमका हाच प्रश्न येतो. कराराने जमीन राखली, एवढं ठामपणे म्हणता येतं. पक्षी वाढण्याचं श्रेय देताना मात्र हात आखडता घ्या.

आणि हो, तुमच्या नकाशावरची ती रेषा कुणी आखली आहे? तुमच्या प्रश्नाने, की तलाठ्याने?