बडोद्याचा कलावंत कारखाना : कलेच्या चाकरीचे दप्तर

वडोदरा शहराच्या उत्तरेला समा हे उपनगर आहे. तेथून जुन्या शहराकडे यावे, तर सूरसागर तलावाजवळ महाराजा सयाजीराव विद्यापीठाची संगीत, नृत्य व नाट्य शिकविणारी विद्याशाखा लागते. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये जी गायनशाळा काढली, तिच्यापर्यंत या विद्याशाखेची परंपरा पोहोचते. गायनशाळेची ही हकीकत मराठी वाचकाला बहुधा ठाऊक असते. त्याच दरबारात कलावंतांसंबंधीची आणखी एक व्यवस्था होती आणि तिची आठवण मात्र क्वचितच निघते. तिचे नाव कलावंत कारखाना.

येथे ‘कारखाना’ म्हणजे यंत्रे आणि धुराडी नव्हेत. मराठी राज्यकारभारात कारखाना हा सरकारी खात्याचा वाचक शब्द आहे. शिवकालीन अठरा कारखान्यांत जवाहीरखाना, जामदारखाना, तोफखाना यांची गणना होत असे. बडोदे संस्थानात राजवाड्याच्या खर्चाशी संबंधित बाबी खानगी खात्याकडे असत, आणि गवई, बीनकार, सारंगिये, तबलजी, नर्तकी अशा दरबारी कलावंतांचा कारभार कलावंत कारखान्यात चाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या खात्याचे नियम सिद्ध झाले. कोणी कधी हजर राहावे, रजा कशी मागावी, कोणत्या चुकीला दंड, कोणत्या प्रतीच्या कलावंताला किती वेतन, हे सारे कागदावर आले. राजाची मर्जी हाच ज्या व्यवसायाचा कायदा होता, त्या व्यवसायाला प्रथमच हजेरीपत्रक मिळाले.

या दप्तराचा सर्वांत परिचित अभ्यास इतिहासकार जानकी बखले यांचा आहे. ‘टू मेन अँड म्युझिक’ हा त्यांचा ग्रंथ २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. नावातील दोन पुरुष म्हणजे विष्णु नारायण भातखंडे आणि विष्णु दिगंबर पलुसकर. परंतु ग्रंथाचा आरंभ होतो तो बडोद्याच्या दरबारापासून. संगीताच्या इतिहासात आपण घराणी, राग आणि चिजा शोधतो. बखले यांनी नियमावली व दप्तर पुढे ठेवून गवयाकडे नोकर म्हणून पाहिले. ही दृष्टीच नवी होती. आज जगभरची विद्यापीठे मनोरंजन क्षेत्रातील श्रम, समान संधी आणि सामाजिक विविधता यांवर जे संशोधन करतात, त्याचे प्रश्न याच जातीचे असतात: काम कोणाला मिळते, त्याचे मोल कोण ठरवितो, नाव कोणाचे लागते आणि तक्रार करावयाची झाल्यास ती कोठे करावयाची.

कारखान्याने कलावंताला दिले काय आणि घेतले काय, याचा हिशेब सरळ नाही. दरमहा ठरलेली रक्कम मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. विशेषतः साथीदारांसाठी, ज्यांना मुख्य गवयाच्या बिदागीतून जे हाती पडेल त्यावर गुजराण करावी लागे. पण त्याच नियमांनी पिढीजात उस्तादाला कारकुनाच्या पंक्तीत बसविले. त्याच्या विद्येची प्रतवारी अधिकारी करू लागले. विद्या घराण्यात राखून ठेवणे ही उस्तादाची खरी मिळकत असे. गायनशाळेने ती फळ्यावर आणि स्वरलिपीत आणण्याचे ठरविले तेव्हा त्या मिळकतीवरच बोट आले. मौलाबक्ष स्वतः याला अपवाद. ते घराण्याबाहेर शिकविण्याला अनुकूल होते आणि स्वरलिपीचे कर्तेही होते. मार्च १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली ती बडोद्यातच, भातखंडे यांच्या पुढाकाराने. त्यानंतरच्या काळात संगीताची शास्त्रचर्चा सुशिक्षित, बहुतांशी ब्राह्मण विद्वानांच्या हाती गेली, आणि ज्यांच्या गळ्यातून ती विद्या आली होती त्या मुसलमान उस्तादांचे स्थान माहिती पुरविणाऱ्यांचे झाले. बखले यांचा हा निष्कर्ष सर्वांना मान्य नाही. उस्ताद फैयाज खाँ १९५० मध्ये निधन होईपर्यंत बडोद्याशी निगडित राहिले आणि त्यांचा मान कधी ढळला नाही, ही गोष्ट आक्षेपकांच्या बाजूने मांडता येते. तरी एका थोर गवयाचा सन्मान हा साऱ्या व्यवसायाच्या स्थितीचा पुरावा होऊ शकत नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

स्त्रियांच्या बाबतीत हे दप्तर अधिक बोलके आहे, आणि अधिक मुकेही. १८८० मध्ये तंजावरच्या लक्ष्मीबाई, म्हणजे बडोद्याच्या पहिल्या महाराणी चिमणाबाई, यांचा सयाजीरावांशी विवाह झाला, तेव्हा त्यांच्यासोबत तंजावरच्या नर्तकी व त्यांचे नट्टुवनार बडोद्यास आले. गौरा आणि कांतिमती ही त्यांतील दोन नावे. माणसे आंदणात यावीत आणि मग ती पगारपत्रकावर चढावीत, हा दोन युगांचा सांधाच म्हणावयाचा. कांतिमतींचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर पुढे बडोद्यातच नृत्याचे अध्यापक झाले. आईची दरबारातील सेवा मुलाच्या पिढीत विद्यापीठीय विषय बनली. पदवी मिळविणाऱ्या विद्यार्थिनी मात्र प्रामुख्याने दुसऱ्याच थरातून आल्या. १८९० च्या दशकात अब्दुल करीम खाँ आणि सरदार माने यांच्या कन्या ताराबाई बडोदे सोडून गेल्या. त्यांच्या कन्या हिराबाई यांनी ‘बडोदेकर’ हे आडनाव लावून मैफलीत बसून गाण्याचा जो प्रतिष्ठित पायंडा पाडला, तो दरबारी दप्तराच्या पूर्णपणे बाहेरचा आहे.

गोव्याच्या वाचकाला ‘कलावंत’ हा शब्द दरबाराकडे नेत नाही, देवळाकडे नेतो. आपल्याकडे देवस्थानाच्या सेवेतील गायिका-नर्तकींचा तो निर्देश होता. त्यांच्या श्रमाला पगारपत्रक नव्हते. देवळाची सेवा, तीतून येणारे हक्क, यजमानाचा आश्रय आणि मैफलीची बिदागी असे त्याचे गुंतागुंतीचे रूप होते. त्यामुळे बडोद्यासारखे दप्तर येथे शोधू गेल्यास हाती फारसे लागू नये. पण समाजाने स्वतःचे दप्तर निर्माण केले. राजाराम पैंगीणकर आदींच्या चळवळीतून १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात गोमंतक मराठा समाजाची संघटना मुंबईत व गोव्यात उभी राहिली, ‘समाज सुधारक’ हे नियतकालिक निघाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (सांताक्रूझ) प्राध्यापिका अंजली अरोंदेकर यांनी याच संग्रहावर ‘अबंडन्स’ हा ग्रंथ २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. वंचितांचा इतिहास म्हणजे हरवलेल्या कागदांचा इतिहास, हे गृहीतक त्यांनी नाकारले. येथे कागद विपुल आहेत, ते वाचण्याची इच्छा नव्हती, असा त्यांचा रोख आहे. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांची थोरवी आपण सांगतो. मोगूबाईंनी कोवळ्या वयात नाटक मंडळ्यांतून कामे केली, हे श्रमाच्या इतिहासाचेही प्रकरण आहे, हे सांगत नाही.

महाराष्ट्रात हाच धागा तमाशाकडे जातो. शर्मिला रेगे यांनी १९९० च्या दशकात लावणी कलावंतिणींवर लिहिताना जात आणि श्रम हे वेगळे काढता येत नाहीत, हे दाखविले. शैलजा पाईक यांचा ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ हा २०२२ चा ग्रंथ तमाशातील दलित स्त्रियांच्या आयुष्याचा शोध घेतो. ‘अश्लील’ हा शिक्का कोणाच्या कलेवर बसतो आणि तीच कला दुसऱ्यांनी सादर केल्यावर ‘लोककला’ कशी होते, हा त्यातील कळीचा प्रश्न. सिनसिनाटी विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या पाईक यांना २०२४ मध्ये मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली.

चित्रपटाच्या बाबतीत संशोधन मोजणीवर भर देते. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या लक्ष्मी लिंगम यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासात २०१९ चे २५ सर्वाधिक चाललेले हिंदी चित्रपट आणि २०१२ ते २०१९ मधील १० स्त्रीकेंद्री चित्रपट तपासले गेले. पात्रांपैकी ७२ टक्के पुरुष होते. पडद्यामागे सुमारे २६,३०० पुरुषांच्या तुलनेत स्त्रिया होत्या अवघ्या ४,१००. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ २०१४ पासून हॉलिवूडमधील विविधतेचे असेच अहवाल काढीत आले आहे. आकड्यांनी जे कळत नाही ते केरळच्या न्यायमूर्ती हेमा समितीने साक्षींतून नोंदविले: स्वच्छतागृहांचा अभाव, लेखी कराराचा अभाव, लैंगिक छळ आणि बोलल्यास काम बंद होण्याची भीती. २०१७ मध्ये नेमलेल्या समितीने अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये दिला. तो काही भाग वगळून लोकांसमोर आला ऑगस्ट २०२४ मध्ये. म्हणजे साडेचार वर्षांहून अधिक काळ हे दप्तर कुलपातच होते.

कायदा अगदीच नाही असे नव्हे. सिने कामगारांना लेखी करार मिळावा, अशी तरतूद १९८१ च्या केंद्रीय कायद्यात होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षितताविषयक संहितेने ती दृक्‌श्राव्य निर्मितीतील कामगारांपर्यंत विस्तारली. त्यात अभिनेते, गायक, वादक, नर्तक, निवेदक येतात. ही संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदाही आहेच. मात्र संहितेतील व्याख्या चित्रण आणि डिजिटल निर्मितीशी बांधलेली आहे. रंगमंचावरचा नट, जत्रेतला दशावतारी, तियात्राचा वादक तिच्या कक्षेत सहजी बसत नाहीत. त्यांची ‘नाईट’ तोंडी ठरते आणि प्रयोग संपल्यावर मंडपामागे चुकती होते. गोवा सरकारच्या कला सन्मान योजनेतून ज्येष्ठ कलाकाराला मासिक साहाय्य मिळते, ते उतारवयातील आधार म्हणून. उमेदीच्या वर्षांत त्याने किती प्रयोग केले, कोणाकडे केले आणि किती घेतले, याची नोंद असलीच तर त्याच्या स्वतःच्या वहीत असते. उद्याच्या संशोधकाला त्या वह्यांच्याच शोधात घरोघर फिरावे लागणार आहे.