कातळातल्या बाहुल्यांचा ठसा



मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर दोन लहान घुमट्या आहेत. एकीत हाताचा ठसा, दुसरीत पायाचा. चुन्यात उमटलेले हे ठसे शिवाजी महाराजांचे, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. किल्ल्याचं बांधकाम १६६४ साली सुरू झालं. नुसत्या चित्रात हात किती खोल रुतला ते कळत नाही, ठशात कळतं.

आज असाच ठसा दगडाला हात न लावता घेता येतो. त्याला त्रिमितीय स्कॅनिंग म्हणतात. लेझरचा प्रकाश दगडावर पडून परत येतो, त्यावरून यंत्र अंतर मोजतं. असे लाखो ठिपके जुळले की लांबी, रुंदी आणि खोली, तिन्ही मापं संगणकात येतात. दुसरी पद्धत साध्या फोटोंची. एका वस्तूचे सगळ्या बाजूंनी, एकमेकांवर येतील असे पुष्कळ फोटो काढायचे. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा, चुकतो. दोन डोळ्यांनी खोली कळते, तसंच हे.

पॅरिसचं नोत्र दाम चर्च १५ एप्रिल २०१९ रोजी आगीत सापडलं. त्याआधी अँड्र्यू टॅलन या प्राध्यापकांनी त्याची लेझरने मापं घेतली होती. दुरुस्तीत ती उपयोगी पडली. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडलं.

आता आपल्या मालवण तालुक्यात या. कुडोपीच्या सड्यावर बाहुल्यांचं टेंब आहे. जांभ्याच्या कातळात तिथे आकृत्या कोरलेल्या आहेत. कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. सात रत्नागिरी जिल्ह्यातली, एक गोव्यातलं आणि सिंधुदुर्गातलं हे एकच.

जांभा उघड्यावर असतो. पावसाने रेघा झिजतात, गुरं-माणसं वरून चालतात. चिरेखाण किंवा रस्ता आला, तर एका दिवसात सगळं जातं. रेघा पुसट झाल्या, तरी स्कॅनमध्ये कडेने प्रकाश पाडून त्या पाहता येतात. कुठली किती झिजली, हेही पुढे ताडून बघता येतं.

पण स्कॅन म्हणजे कातळ नव्हे. खाणीत गेलेला सडा संगणकातून परत येणार नाही. म्हणून आधी कातळ राखायचा, मग ठसा घ्यायचा.

यात आपलं काम मोठं आहे. गवताला, लाकडांना, काजी गोळा करायला सड्यावर जातो आपणच. कुठे काही कोरलेलं दिसलं, तर खडूने किंवा रंगाने रेघा गिरवू नका, खरवडू नका. शेजारी मापाला पट्टी ठेवून मोबाईलवर फोटो काढा. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरक्या उन्हात रेघा स्पष्ट दिसतात. मग ग्रामपंचायतीला आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. कोणी मोजायला आलं, तर एकच मागणी करा: याची एक प्रत आमच्या गावच्या शाळेत राहू दे. बाहुल्या आपल्या सड्यावरच्या आहेत, त्या आधी आपल्या मुलांनी बघायला हव्यात.