दोन चुलींचा हिशेब

आमच्या पाटण खोऱ्यात एके काळी सोयरीक जुळवताना मुलाचा पगार कुणी विचारत नसे. "कायम हाय का बदली?" असं विचारायचे, आणि त्याच्या पाठोपाठ, "घरी कोण ऱ्हातंय?" पहिला प्रश्न मुंबईच्या गिरणीतल्या नोकरीचा, दुसरा रानाचा. या दोन्हींची उत्तरं मनाजोगी मिळाली की सुपारी फुटायची. पगार किती, हे मुंबईला असणाऱ्या सगळ्यांचं साधारण एकच असायचं, त्यामुळं त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

मुंबईत कापडाची पहिली गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत परळ-लालबागपासून वरळीपर्यंत चिमण्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या बुडाशी माणसं गेली ती मुख्यतः रत्नागिरीची आणि आमच्या घाटावरची. आमच्याकडं रान थोडं आणि तेही उताराचं. भात, नाचणी, वरी झाली की पौषापासून हाताला काम नाही. सारा मात्र रोख भरायचा, वाण्याचं देणंही रोख. रोख पैसा मिळायचा तो मुंबईत. म्हणून घरटी एक माणूस मुंबईला गेला. घरं मात्र गेली नाहीत. मुंबईच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या खानेसुमाऱ्या बघितल्या तर पुरुषांच्या मानानं बायका जेमतेम निम्म्या दिसतात. बाकीच्या कुठं होत्या? आमच्या खोऱ्यात नाचणीची रोपं लावत होत्या.

याला गावाची ओढ असं गोड नाव देण्याची चाल आहे. ओढ होतीच, नाही कशाला म्हणू? पण मला वाटतं, त्यात ओढीपेक्षा हिशेब जास्त होता. गिरणीतल्या माणसाला १९५२ चा कायदा येईपर्यंत हक्काचा प्रॉव्हिडंट फंड नव्हता. आजारी पडला तर खाडा, म्हातारा झाला तर घरी. हातपाय थकले की परत यायला जागा हवी, आणि ती जागा म्हणजे गावचं रान. त्या काळची पेन्शन म्हणा हवं तर. तिचा हप्ता घरी राहिलेली बाई रोज राबून भरत होती. १८९६ साली प्लेग आला तेव्हा लाखो माणसं मुंबई सोडून गावोगाव पांगली. १९२८ चा संप सहा महिने चालला, तेव्हाही कित्येक गिरणी कामगार गावी येऊन बसले. सहा महिने पगाराशिवाय काढता आले ते गावाकडची चूल पेटत होती म्हणून. आणि तीच चूल गिरणीमालकाच्याही पथ्यावर पडत होती. बायकापोरांचं पोट रानावर भागतंय म्हटल्यावर एकट्या गड्याच्या पोटापुरता पगार दिला तरी चालायचं. ही दुसरी बाजू फारशी कुणी बोलत नाही.

मुंबईत तो गडी राहायचा गावकीच्या खोलीत. एका गाळ्यात वीस-पंचवीस जण, भिंतीला ट्रंका, पाळीप्रमाणं झोपायचं. दिवसपाळीचा उठला की त्याच्याच जागेवर रातपाळीचा आडवा व्हायचा. जेवण खानावळीत, बहुतेक गावाकडच्याच एखाद्या बाईच्या. म्हणजे पगार एक आणि चुली दोन. खानावळ, खोलीचं भाडं, गावकीची वर्गणी, वर्षाकाठी गणपतीला नाहीतर जत्रेला येण्याचा खर्च, एवढं वजा करून उरेल ते मनीऑर्डरीनं घरी. पगार वाढला अशी बातमी आली की आमची आजी लगेच विचारायची, "आन् खानावळ किती वाढली?"

बायको-मुलांना मुंबईला न्यायचं तर खोली हवी. १९२० नंतर सरकारनं वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोडला बीडीडी चाळी बांधल्या. एकेक खोली एकशेसाठ चौरस फुटांची. तीही सगळ्यांच्या नशिबी नव्हती. गिरणीत बायकांना कामं मिळत ती वाइंडिंग आणि रिळाच्या खात्यात. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा झाला. चांगला कायदा, पण खर्च मालकानं सोसायचा. त्यानंतर गिरण्यांतल्या बायका वाढल्या नाहीत, कमीच होत गेल्या. नवरा-बायको दोघं कमावतील आणि मुंबईतच संसार थाटतील, ही वाट अशी अरुंद होत गेली.

स्वातंत्र्याच्या आगेमागे मात्र चित्र बदललं. १९४७ साली औद्योगिक न्यायालयानं गिरण्यांचे पगार एका मापात बसवले, महागाई भत्ता होताच. मग आजारपणाचा विमा आला, फंड आला, पुढं १९६५ ला बोनसचा आणि १९७२ ला ग्रॅच्युइटीचा कायदा झाला. कायम झालेला गिरणी कामगार गावात सावकारासारखा चालायचा, असं म्हातारी माणसं सांगत. त्याच सुमारास गावात दुसरं काही घडत होतं. १ एप्रिल १९५७ ला कुळकायद्यानं कसणाऱ्याला जमिनीचा मालक ठरवलं. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याचं रान कसणाऱ्याला त्यानं न्याय मिळाला, हे खरंच. पण आमच्याकडं दोन-अडीच एकरांचे धनी रान वाट्यानं लावून स्वतः मुंबईला साच्यावर उभे होते. कायद्यात विधवेला सवलत होती, अज्ञानाला होती, पलटणीतल्या शिपायाला होती. गिरणी कामगाराला नव्हती. आमच्या वाडीतल्या दोघांच्या सातबाऱ्यावर कूळ लागलं आणि ते गावाला आले तेव्हा घर होतं, रान नव्हतं. "घरी कोण ऱ्हातंय?" या प्रश्नाला धार आली ती तेव्हा.

आमच्या घरचा प्रसंग १९६३ चा. थोरले चुलते, त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, १९५० पासून मुंबईत. आठ वर्षं बदली कार्डावर काढली. सकाळी गेटावर उभं राहायचं, कुणाचा खाडा पडला तर काम, नाहीतर परत. मग साचे खात्यात कायम झाले. त्यांनी वडलांना, म्हणजे दादांना, पत्र टाकलं. त्रासन खात्यात ओळखीनं वशिला लागतोय, सुरुवातीला बदली, पण वर्ष-दीड वर्षात कायम होशील, ताबडतोब निघून ये. त्याच महिन्यात कऱ्हाडपलीकडं कृष्णाकाठच्या एका नव्या सहकारी साखर कारखान्यात दादांना हेल्परची जागा मिळत होती. सीझनल. म्हणजे दिवाळीच्या आसपास गव्हाणीत मोळी पडली की काम सुरू, उन्हाळ्यात बंद. बंदच्या दिवसांत पगाराचा थोडका भाग. गिरणीचा पगार त्याच्या दुपटीच्या घरात होता.

घरात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. आजा मुंबईच्या बाजूचा. त्याचं म्हणणं सरळ होतं, "दोघं भाऊ तिकडं ऱ्हायले तर एका खोलीत, एका खानावळीत भागंल. पैसा साठंल." आजी म्हणाली, "आन् कुळवाच्या मागं कोण, तुमी? तुमच्यानं उठवत न्हाय." आईला कुणी विचारलं नाही. आई तेव्हा काय म्हणाली असं मी पुढं कधीतरी विचारलं, तर हसली आणि म्हणाली, "मला कारखाना बरा वाटला. पावसाळ्यात मानूस घरी." हा एका वाक्याचा हिशेब बाकीच्या सगळ्यांपेक्षा चोख होता. कारखाना बंद असतो तेव्हाच आमच्या रानात पेरणी, लावणी, कोळपणी. सीझनल नोकरी ही पगाराला कमी, पण शेताच्या वेळापत्रकात अशी बसली की जणू त्यासाठीच काढली असावी. दादांनी कारखाना धरला. आण्णांचं पुढं सहा महिने पत्र आलं नाही, नुसती मनीऑर्डर यायची, खालच्या कोऱ्या जागेत एक अक्षर नसायचं.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. चार वाजून गेले होते. कोयनानगर तर भुईसपाट झालं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. आमच्या वाडीत मेलं कुणी नाही, पण दगडमातीच्या भिंती बसल्या आणि आमचा गोठा दोन बैलांवर आला. सीझन चालू होता, दादा कारखान्यावर. हादरा तिथंही बसला. उजाडताच त्यांनी कुणाची तरी सायकल घेतली आणि ऊन माथ्यावर यायच्या आत घरी पोचले. मला आठवतं ते एवढंच की आजी, आई आणि आम्ही पोरं खळ्यात बसलो होतो आणि दादा सायकल टाकून आधी आमची डोकी मोजत होते.

आण्णा रातपाळीला होते. कोयनेची वीज गेली आणि त्यांच्या खात्यातले साचे थांबले. कशानं थांबले हे कळायला सकाळ झाली, आणि त्यांना घरी यायला तिसरा दिवस उजाडला. वाटेत कऱ्हाड स्टेशनावर त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की पाटणच्या बाजूला काही उरलं नाही. ते वाडीत शिरले तेव्हा दादा नव्या गोठ्याच्या मेढी उभ्या करत होते. दोघा भावांतला अबोला तिथं संपला.

म्हणून दादांचाच निर्णय शहाणपणाचा, असं मी म्हणणार नाही. घर पुन्हा बांधलं ते आण्णांच्या बोनसवर. १९७१ ला विहीर खणली, त्यावर इंजिन बसवलं, ते आण्णांनी फंडातून काढलेल्या कर्जावर. दादांच्या पगारात मीठ-मिरची, आमच्या वह्या आणि सवलतीची साखर एवढंच भागायचं. पुढं १९७४ ला आण्णांना सहकाऱ्याच्या ओळखीनं चाळीत खोली मिळाली आणि थोरली आई पोरांना घेऊन मुंबईला गेली. त्या वर्षापासून मनीऑर्डर आटली. त्यांची दुसरी चूल आता त्यांचीच होती. आमच्या आजीला ते लागलं, पण चोवीस वर्षं नवरा वर्षातून महिनाभर बघितलेल्या सुनेला ती काही बोलली नाही.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. बोनस आणि पगारवाढ तर मागण्यांत होतीच, पण आमच्या लोकांच्या जिवाचा प्रश्न होता तो बदलीवाल्यांना कायम करण्याचा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत गावं भरली. १९२८ ला आजोबा-पणजोबा आले होते तसेच हे आले, पावसाळ्यापर्यंत मिटेल म्हणून. फरक एवढाच की आता अनेकांची गावची चूल विझलेली होती. जमिनीचे तुकडे पडलेले, घरात भावजय, पोरं मुंबईच्या शाळेत. संप मागे घेतल्याचं रीतसर कुणी जाहीर केलंच नाही, तो तसाच विरला. कित्येक गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहीत, उघडल्या त्यांनी निम्मी माणसं घेतली नाहीत. आण्णांना घेतलं नाही. एकतीस वर्षांची नोकरी, त्यातली तेवीस-चोवीस कायम.

ते गावी आले आणि घरात एक जुना प्रश्न नव्यानं उभा राहिला. रान दोघांच्या नावावर होतं. आण्णा म्हणाले, "ही हीर माझ्या पैशाची. रान राहिलं त्ये माझ्या मनीऑर्डरीवर." दादा म्हणाले, "रान राहिलं त्ये माझ्या अंगावर. मी मुंबईला आलो आस्तो तर कूळ लागलं आस्तं." दोघांचंही खरं होतं. असल्या खऱ्याचा निवाडा तलाठी करू शकत नाही आणि पंचही करू शकत नाहीत. गिरणीचा ताळेबंद वर्षाकाठी निघायचा, कारखान्याचाही निघायचा. पण एका भावाचं घाम गाळणं दुसऱ्याच्या मनीऑर्डरीत किती धरायचं, याची वही आमच्या खोऱ्यात कुणीच ठेवली नव्हती. दोन जावांनी पाहिलेले एकटेपणाचे दिवस तर कुठल्याच रकान्यात बसत नव्हते.

कारखान्याचं पुढं काय झालं तेही सांगितलं पाहिजे. दादा निवृत्त झाले तेव्हा फंड आणि ग्रॅच्युइटी मिळाली, थोडी उशिरा पण मिळाली. त्यांच्यानंतर लागलेल्या माझ्या चुलतभावाचे मात्र पगार थकायला लागले, महिनोन् महिने. थांबलेल्या पगाराची साखर कुठं गेली ते ज्याचं त्याला माहीत. तिकडं मुंबईत गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले आणि कामगारांना घरं द्यायची ठरलं तेव्हा दीड लाखावर अर्ज आले. थोरल्या आईचा त्यात एक आहे. आण्णा गेले, अर्ज वारसाच्या नावावर चालू आहे.

वाटणी १९८५ च्या माघात झाली. रान निम्मंनिम्मं. विहीर सामाईक राहिली, कारण तिचे तुकडे पडत नाहीत. पाण्याची पाळी ठरली, चार दिवस आण्णांचे, चार दिवस दादांचे. पहिली पाळी आण्णांनी घ्यावी असं दादा म्हणाले, पण आण्णांना पाट धरता येत नव्हता, तेव्हा पहिले चार दिवस दादाच त्यांच्या रानात पाणी पाजत होते.